आधी सुरीला धार, मग यंत्रांची खरेदी

माझ्या ओट्याखालचा तिसरा खण उघडताना नेहमी अडतो. उकडलेल्या अंड्याच्या चकत्या करणाऱ्या यंत्राची तारांची चौकट वर उचललेली असते आणि ती वरच्या पट्टीत अडकून बसते. तिच्याखाली केळं कापायचं पिवळं प्लास्टिक, दोरी तुटलेला चॉपर, चेरीच्या बिया काढायचा चिमटा आणि काय करायचं असतं ते आता कुणालाच आठवत नाही अशी एक वळणदार सळई. हे सगळं कामाचं म्हणूनच घेतलेलं. रोजचा स्वयंपाक मात्र एक सुरी, एक पीलर, एक किसणी आणि एक वजनकाटा एवढ्यावर निघतो.

त्यामुळे नवीन काही घ्यायची वेळ आली की मी एकच हिशेब करते: हे उपकरण किती मिनिटं वाचवतं, आणि ते जोडायला, धुवायला, पुसून जागेवर ठेवायला किती मिनिटं लागतात? एक कांदा धारदार सुरीने चिरायला मिनिटभर लागतं. चॉपरचं भांडं, पातं, झाकण आणि झाकणाच्या खाचेत अडकलेली कांद्याची सालपटं काढायला त्याच्या तिप्पट. दहा कांदे असतील तर हिशेब उलटा होतो आणि चॉपर जिंकतो. म्हणजे यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही, तुम्ही एका वेळी किती करता हा आहे.

सुरी

तयारीला वेळ लागतो म्हणणाऱ्या दहा घरांत जाऊन पाहिलं तर बहुतेक ठिकाणी सुरी बोथट निघेल. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, जोर दिला की ती घसरते, आणि घसरली की बोटावर येते. धारदार सुरीची भीती वाटते खरी, पण जास्त जखमा बोथट सुरीच करते.

घरात तीन सुऱ्या पुरतात: साधारण २० सेंटिमीटर पात्याची मोठी, ८ ते १० सेंटिमीटरची छोटी, आणि ब्रेडसाठी करवतीच्या दात्यांची. बारा सुऱ्यांचा लाकडी ठोकळा दिसायला छान दिसतो, त्यातल्या नऊ तशाच राहतात.

आता धार. हे काम एकदा हाताला बसलं की पंधरा-वीस मिनिटांचं आहे आणि घरच्या वापराला दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरतं.

१. १००० ग्रिटचा धारेचा दगड घ्या. ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचं माप; आकडा मोठा तितका दगड गुळगुळीत. पाण्यात भिजवायचा प्रकार असेल तर दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की तो तयार. काही दगडांवर नुसतं पाणी शिंपडायचं असतं; ते वेष्टनावर लिहिलेलं असतं.

२. दगडाखाली ओलं फडकं घाला. दगड हलला की कोन हलतो आणि सगळी मेहनत वाया.

३. कोन १५ ते २० अंशांचा. अंश मोजायला कोण बसतंय? पातं साडेचार सेंटिमीटर रुंद असेल तर सुरीची पाठ दगडापासून सव्वा ते दीड सेंटिमीटर वर उचला, कोन आपोआप येतो.

४. धारेच्या कडेला मार्कर पेनाने रेघ ओढा आणि दोन-चार वेळा घासून बघा. शाई अगदी टोकाच्या कडेवरची गेली तर कोन बरोबर. कडेवरची तशीच राहून वरच्या अंगाची गेली तर पाठ थोडी उचला. ही युक्ती पहिल्या चार-पाच वेळा तरी सोडू नका.

५. हलक्या दाबाने, मुठीपासून टोकापर्यंत, एकाच बाजूने घासत राहा. काही वेळाने दुसऱ्या बाजूच्या कडेवर बारीकशी खरखर जाणवते. ती घासून पलीकडे वळलेली धातूची कड. अंगठा पाठीकडून धारेच्या दिशेने, बाहेर नेत तपासा. धारेच्या लांबीवरून अंगठा कधीच फिरवायचा नाही. खरखर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार इथेच फसते, कारण ते मोजून दहा वेळा इकडे आणि दहा वेळा तिकडे घासतात.

६. मग दुसरी बाजू, तशीच. शेवटी अगदी हलक्या हाताने एकदा इकडे, एकदा तिकडे असं आठ-दहा वेळा. ३००० ते ६००० ग्रिटचा दगड असेल तर त्यावरही फिरवा, नसेल तरी अडत नाही.

७. धुऊन, पुसून टोमॅटोवर ठेवा. दाब न देता, नुसती मागे ओढल्यावर साल कापली गेली तर काम झालं.

दगड नसेल आणि आज संध्याकाळीच पाहुणे असतील तर चिनी मातीचा मग उपडा करा. तळाला जे बिनचकाकीचं खरखरीत कडं असतं, त्यावर याच कोनात सुरी फिरवा. कायमचा इलाज नव्हे, पण वेळ निभते. सुरीबरोबर मिळणारी लांब सळई मात्र वेगळं काम करते: ती फारसा धातू काढत नाही, वापराने वाकलेली कड सरळ करते. आठवड्यातून एकदा चार-पाच वेळा फिरवली की दगडाची पाळी लांबते.

धार घालवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. काचेचा किंवा दगडाचा बोर्ड, डिशवॉशर, आणि चिरलेली भाजी पातेल्यात लोटताना धारेने बोर्ड खरवडायची सवय. लोटायला सुरी उलटी करून पाठ वापरा, किंवा स्क्रेपर घ्या. हाताच्या पंजाएवढी रुंद अशी ही पत्र्याची पट्टी माझ्या मते स्वयंपाकघरातली सर्वांत कमी कौतुक झालेली वस्तू आहे. चिरलेलं उचलते, कणीक कापते, ओट्यावर वाळलेलं पीठ खरवडते, आणि धुवायला पाच सेकंद.

बोर्ड, फडकं, वाडगा

बोर्डाखाली ओलं फडकं घाला. एवढंच. पण ते रोज घाला. बोर्ड मोठा हवा, निदान ४० बाय ३० सेंटिमीटर, लाकडी किंवा प्लास्टिकचा. छोट्या बोर्डावर निम्मा वेळ भाजी इकडून तिकडे सरकवण्यात जातो. कच्च्या मांसाला, मासळीला वेगळा बोर्ड ठेवा, आणि तो वेगळ्या रंगाचा घ्या म्हणजे घाईत गोंधळ होत नाही. बाजूला सालींसाठी एक रिकामा वाडगा ठेवा. दर सालीमागे कचऱ्याच्या डब्यापर्यंतची फेरी वाचते. ऐकायला किरकोळ वाटतं, एक दिवस फेऱ्या मोजून बघा.

सुरी धरताना नुसती मूठ धरू नका. अंगठा आणि तर्जनीने पात्याचा मुठीजवळचा भाग चिमटीत धरा, उरलेली तीन बोटं मुठीवर. दुसऱ्या हाताची बोटं आत वळवा, पेरं पुढे, नखं मागे. पात्याची बाजू पेरांना टेकून वरखाली होते आणि नखापर्यंत पोचतच नाही. आणि सुरी हातातून सुटली तर झेलायची नाही. पाय मागे घ्या, पडू द्या.

कांदा, जवळून

कांद्याच्या पेशींत गंधकाची संयुगं एका कप्प्यात आणि विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असतं. पातं पेशी फोडतं, दोन्ही एकत्र येतात, आणि शेवटी एक उडून जाणारा पदार्थ तयार होतो. तो डोळ्यापर्यंत पोचला की डोळा तो धुऊन काढायला पाणी सोडतो. हा पदार्थ तयार करणारं स्वतंत्र विकर जपानी संशोधकांनी २००२ साली ओळखलं, आणि त्याबद्दल त्यांना २०१३ साली आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं इग नोबेलही मिळालं. रडून रडून निदान कुणाला तरी बक्षीस मिळालं म्हणायचं.

यातून उपायही सरळ निघतात. पेशी कमी चिरडल्या की त्रास कमी, म्हणून धार. थंडीत ही प्रक्रिया मंदावते आणि वाफही कमी उठते, म्हणून कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये. वाफ डोळ्याकडे येऊ नये म्हणून बाजूने वाहणारा पंखा किंवा चालू एक्झॉस्ट. तोंडात ब्रेडचा तुकडा धरण्याचा मला काडीचा उपयोग झालेला नाही.

चिरायची रीत अशी. शेंड्याची बाजू कापून टाका, मुळाची ठेवा. तीच पाकळ्या धरून ठेवते. कांदा शेंड्याच्या सपाट बाजूवर उभा करून मुळातून मधोमध दोन भाग करा आणि मग साल काढा, कारण अर्ध्या कांद्याची साल एका ओढीत निघते. अर्धा भाग बोर्डावर पालथा ठेवा. मुळाच्या अलीकडे बोटभर थांबत उभे छेद द्या. कडेचे छेद देताना पातं थोडं मध्याकडे कलतं ठेवा. मग कांदा वळवून आडवे छेद, मुळाकडे सरकत. बऱ्याच ठिकाणी बोर्डाला समांतरही छेद द्यायला शिकवतात. मी तो देत नाही. कांद्याला निसर्गानेच थर दिलेले आहेत, आणि तळहाताच्या दिशेने सुरी नेण्याची हौस कशाला?

चॉपर वापरायचाच असेल तर भांडं अर्ध्यापेक्षा कमी भरा, कांद्याचे सारख्या आकाराचे चौथाई तुकडे टाका आणि बटण एकेक सेकंद दाबून सोडा. मी पहिल्यांदा बटण दाबूनच धरलं. पाच सेकंदांत तळाला पाणी, मध्ये लगदा आणि वर दोन अख्खे तुकडे अशी तीन मजली इमारत तयार झाली, आणि तो लगदा परतायला टाकल्यावर तांबूस व्हायचं नाव घेईना. पाणीच इतकं सुटलेलं, तो आधी उकडत बसला.

छोट्या छोट्या युक्त्या

आल्याची साल चमच्याच्या कडेने खरवडा. वळणांतून चमचा फिरतो, सुरी फिरत नाही आणि निम्मं आलं सालीबरोबर नेते. गोठवलेलं आलं बारीक किसणीवर न सोलताही छान किसलं जातं.

लसणाच्या पाकळ्या भरपूर असतील तर झाकणाच्या घट्ट डब्यात घालून वीसेक सेकंद जोरात हलवा, साली सुटतात. चार पाकळ्यांसाठी डबा काढू नका, सुरीचं पातं आडवं ठेवून तळव्याने दाबा. लसूण जितका बारीक तितका तिखट, कारण त्याचा उग्रपणाही पेशी फुटल्यावरच तयार होतो. मंद चव हवी तर पाकळी अख्खी टाका.

रस्सा, सॉस, सूप यांच्यासाठी टोमॅटो सोलत बसू नका. आडवा अर्धा करा आणि कापलेली बाजू जाड किसणीवर घासा. गर खाली पडतो, साल हातात राहते, आणि तीच बोटांची ढाल होते. माझ्या सगळ्या युक्त्यांत ही मी सर्वांत जास्त वापरते.

मिरच्या चिरण्याआधी बोटांना तेलाचा हलका हात लावा. मिरचीतला झोंबणारा घटक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. नंतर साबणाने तेलाबरोबर तोही निघतो. पालेभाजी उभ्या पेल्यात घालून कात्रीने तिथल्या तिथे कातरा. घट्ट झाकणाची बाटली उघडत नसेल तर झाकणाभोवती जाड रबर बँड घाला, तरी नाही तर चमच्याच्या दांड्याने झाकणाची कड किंचित उचला. टक् असा आवाज आला की आतली निर्वात पोकळी गेली.

उकडलेली अंडी सोलताना निम्मं पांढरं सालीला जातं ना? अंडी फार ताजी आहेत. जुन्या होत जाणाऱ्या अंड्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पांढरा भाग जास्त अल्कधर्मी होतो आणि आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतो. शिवाय अंडी गार पाण्यात ठेवून तापवू नका. उकळत्या पाण्यात अलगद सोडा किंवा वाफवा, १० ते १२ मिनिटांनी बर्फाच्या पाण्यात टाका.

पैसे घालायचेच असतील तर

पहिला पीलर. आडव्या पात्याचा, इंग्रजी वाय अक्षरासारखा. या घडणीचा प्रसिद्ध पीलर स्वित्झर्लंडमध्ये १९४७ साली आला आणि तिथे तो इतका लाडका की २००४ मध्ये त्याचं टपाल तिकीट निघालं. तो स्वस्त असतो, धार गेली की सरळ बदलायचा.

दुसरा डिजिटल काटा. मापाच्या कपात पीठ दाबून भरलं की हलक्या हाताने, यावर एका कपातलं पीठ १२० ग्रॅमही भरतं आणि १५० ग्रॅमही. केक कधी फुलतो कधी बसतो त्याचं हे एक मोठं कारण. काट्यावर भांडं ठेवा, शून्य करा, पीठ घाला, शून्य करा, साखर घाला. एकाच भांड्यात सगळं. मधासारख्या चिकट गोष्टीला उलटा हिशेब: मधाची बरणीच काट्यावर ठेवून शून्य करा आणि चमच्याने काढत जा, काटा उणे आकडा दाखवतो. उणे ४० म्हणजे ४० ग्रॅम मध भांड्यात गेला. एकही वाटी चिकट झाली नाही.

स्लायसर, म्हणजे पात्याची तिरकी पट्टी, हे काकडी-बटाट्याच्या कागदासारख्या चकत्यांसाठी अप्रतिम आणि बोटांसाठी भयंकर साधन आहे. सोबतची पकड वापरा किंवा न कापणारा हातमोजा घाला. शेवटचा दोन बोटं राहिलेला तुकडा सुरीने चिरा. ‘एवढाच राहिलाय’ म्हणून मी तो एकदा तसाच सरकवला होता. अंगठ्याच्या टोकाला अजून नीट स्पर्श कळत नाही.

प्रेशर कुकरबद्दल दोनच गोष्टी. द्‌नी पापँ नावाच्या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये त्याचा पूर्वज दाखवला, आणि तत्त्व तेच आहे: दाब वाढला की पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंश सेल्सिअसला उकळतं आणि अन्न लवकर शिजतं. भांडं दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. कडधान्यं, तांदूळ, डाळ अशा फुगणाऱ्या, फेस येणाऱ्या गोष्टींना अर्धंच. वाफेचं छिद्र दर वेळी उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसलं पाहिजे.

इथेच राजम्याचा इशारा. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं आणि ते पुरेशा उष्णतेनेच निकामी होतं. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, आणि कुकर नसेल तर नव्या पाण्यात खळखळून उकळा: कमीत कमी १० मिनिटं, खात्रीसाठी ३०. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा थेट टाकू नका, तिथलं तापमान उकळीला पोचेलच असं नाही. भिजवायच्या पाण्यात लिटरमागे १०-१५ ग्रॅम मीठ घातलं तर साली मऊ होतात. मिठाने कडधान्य शिजत नाही ही समजूत सोडून द्या. जड, म्हणजे क्षारांचं पाणी मात्र खरंच शिजू देत नाही.

मिक्सरमध्ये गरम सूप फिरवताना भांडं एक-तृतीयांशच भरा, झाकणाची मधली टोपी काढा, वर जाड फडकं धरा आणि कमी वेगाने सुरू करा. बंद भांड्यात वाफ एकदम उसळते आणि झाकण उडवते. त्यापेक्षा हँड ब्लेंडर पातेल्यातच बुडवा. पात्यात अडकलेलं काढण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आठवड्याचा एक तास

यंत्रं एकदाच काढायची, एकदाच धुवायची, हा खरा फायदा. क्रम महत्त्वाचा. आधी कडधान्य कुकरला लावा, ते आपापलं शिजतं. तोवर पालेभाजी धुऊन वाळत टाका; ओली ठेवली की दोन दिवसांत काळी पडते, म्हणून पाणी निथळल्यावर कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात. मग बोर्डावर कमी वासाच्या गोष्टी आधी, गाजर, कोबी, त्यानंतर कांदा, आणि लसूण, मिरची शेवटी. बोर्ड मध्ये धुवावा लागत नाही. चॉपर, मिक्सर हे सगळं या तासातच.

वाटणं बर्फाच्या साच्यात भरून गोठवा, ठोकळे घट्ट झाले की पिशवीत काढा. साच्याचे सगळे खण एकाच मापाचे असतात, तेव्हा मापही आपोआप होतं. फ्रीजर उणे १८ अंशांवर हवा. लसणाचं वाटण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, आणि बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंना तेच लागतं. गोठवा.

शिजवलेलं अन्न खोल पातेल्यात गार व्हायला ठेवलं तर मध्यभाग कितीतरी वेळ कोमट राहतो. पसरट डब्यांत काढा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये घाला, भात तर आधी. गोठवलेलं वितळवायचं ते फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही.

आणि पिशवीवर चिकटपट्टी लावून नाव, तारीख लिहा. पिशवीत भरण्याआधीच, कारण गार ओल्या प्लास्टिकला पट्टी चिकटत नाही. आपल्याला ओळखता येईल असं वाटतं, पण गोठलेलं आलं आणि गोठलेला लसूण दिसायला सख्खी भावंडं. मी सकाळच्या झोपेत एक ठोकळा उकळत्या चहात टाकला होता. पहिल्या घोटापर्यंत कुणीच काही बोललं नाही.